तयार गाडी, तयार किल्ला: मग मुलांनी करायचं काय?



आजचा विषय जरा वेगळा आहे. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचा छंद, म्हणजेच मॉडेल रेल्वे. तुम्ही म्हणाल, बाई, हा तर परदेशातल्या हौशी लोकांचा उद्योग, आपल्या शाळेशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा आहे.

हा छंद आहे तरी काय?

ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, जपान या देशांत हजारो मोठी माणसं घरात, माळ्यावर, गॅरेजमध्ये छोटी रेल्वे उभारतात. नुसती गाडी नाही. रूळ, स्टेशन, सिग्नल, डोंगर, बोगदा, गावातली घरं, फलाटावर उभी असलेली माणसं, सगळं एकाच प्रमाणात लहान केलेलं. प्रसिद्ध गायक रॉड स्टुअर्ट यांनी वीस वर्षांहून जास्त काळ खपून अमेरिकेतल्या जुन्या शहराची अशी प्रतिकृती बनवली. जर्मनीत हॅम्बुर्गला तर २००१ पासून 'मिनिआटुर वुंडरलँड' नावाचं भलंमोठं प्रदर्शनच आहे.

या लोकांना विचारा की हे वेड लागलं कधी. उत्तर बहुतेक वेळा बालपणातच सापडतं. नाताळची सकाळ, खोक्यातून निघालेली गाडी, जमिनीवर गोल जोडलेले रूळ, तेलाचा आणि तापलेल्या मोटरचा वास. आणि एक गोष्ट हमखास असते: गाडी मुलाची, पण गुडघ्यावर बसून रूळ जोडणारे वडील. म्हणजे आठवण नुसत्या गाडीची नसते. कुणाच्या तरी सोबत बसून ती गाडी चालती केली, त्याची असते.

सुरुवात एका बापापासून

ब्रिटनमध्ये या छंदाशी जोडलेलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे हॉर्नबी. फ्रँक हॉर्नबी हे लिव्हरपूलचे. आपल्या मुलांसाठी ते घरीच खेळणी बनवायचे. पत्र्याच्या पट्ट्या कापायच्या, त्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं पाडायची आणि नट-बोल्टने जोडून पूल, क्रेन उभी करायची. १९०१ मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं. पुढे हेच खेळणं 'मेकॅनो' नावाने जगभर गेलं. १९२० मध्ये त्यांनी चावीची आगगाडी बाजारात आणली. जर्मनीत मार्कलिन कंपनीने १८९१ मध्येच रुळांची ठरावीक मापं आणली होती. त्यामुळे आज घेतलेल्या रुळाला पुढच्या वर्षी आणखी रूळ जोडता यायचे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दोन्हीकडे मूळ कल्पना 'जोडा, सोडवा, पुन्हा जोडा' अशीच होती. खेळणं अपुरं असायचं. ते पूर्ण करायचं काम मुलाचं.

आता बाजार काय सांगतो?

जानेवारी २०२४ मध्ये या छंदाच्या जगात दोन मोठ्या बातम्या आल्या. १९४६ पासून चालू असलेल्या हॅटन्स या ब्रिटनमधल्या नामांकित दुकानाने व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात वॉर्ली मॉडेल रेल्वे क्लबने बर्मिंगहॅमला भरणारं आपलं मोठं राष्ट्रीय प्रदर्शन यापुढे भरणार नाही असं सांगितलं. त्याआधी २००९ मध्ये मार्कलिनला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला होता. ती कंपनी नंतर सावरली, पण धक्का बसला तो बसलाच.

प्रत्येक घटनेची कारणं वेगळी असतील. पण एक बदल सगळीकडे दिसतो. आजची इंजिनं पूर्वीपेक्षा कितीतरी देखणी आहेत. बारीक पाइप, रेलिंग, ड्रायव्हरच्या खोलीतले डायल, सगळं हुबेहूब. एकेका इंजिनाची किंमत २०० पौंडांच्या वर जाते. आणि अशा कित्येक प्रतिकृतींच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की १४ वर्षांखालील मुलांसाठी नाही.

गंमत बघा! ज्या वस्तूने आठ वर्षांच्या मुलाला आयुष्यभराची आठवण दिली, तिला आज आठ वर्षांच्या मुलाने हात लावायचा नाही. गाडी खेळण्याची होती ती कपाटातली झाली. मग पुढच्या पिढीत हे वेड येणार कुठून? कंपन्यांनाही हे कळत असावं. हॉर्नबीने २०२२ मध्ये १:१२० या लहान मापाची, कमी जागेत मावणारी गाडी आणली, ती नवे लोक यावेत म्हणूनच असं मला वाटतं. पण नुसतं माप लहान करून भागणार नाही. मुलाला हात लावू दिला पाहिजे.

आपला किल्ला आठवा

आता आपल्याकडे या. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय असतं हो? विटा, दगड, गोणपाट, वर माती. बुरूज, दरवाजा, पायऱ्या, पाण्याचं टाकं. अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ. वर सिंहासनावर शिवाजी महाराज, खाली पहारा देणारे मावळे. युरोपातली मंडळी लाकडी फळीवर जे करतात, तेच आपली पोरं अंगणात करत आली आहेत, आणि तेही जवळजवळ फुकटात.

पण आता बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला मिळतो. आणायचा, ठेवायचा, फोटो काढायचा, दिवाळी संपली की माळ्यावर. शाळेच्या प्रकल्पांचंही तेच. तयार सौरमाला, तयार ज्वालामुखी, तयार पवनचक्की. शेरा 'उत्कृष्ट'. पण उत्कृष्ट नक्की कोण? दुकानदार?

माझं मत स्पष्ट आहे. तयार वस्तू वाईट नसते, पण ती मुलाचं काम संपवून टाकते. आणि शिकणं तर त्या कामातच असतं.

कामात काय शिकणं असतं?

मापाचंच उदाहरण घ्या. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे १:८७. या मापाच्या रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. याला ८७ ने गुणा. सुमारे १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोपातल्या खऱ्या रुळांमधलं अंतर. हिशोब चोख. पण ब्रिटनची इंजिनं अंगाने लहान. १:८७ मध्ये त्या काळची मोटर आत मावेना. मग त्यांनी गाडी १:७६ ची केली आणि रूळ तेच ठेवले. आता १६.५ गुणिले ७६ करा. १२५४ येतात! म्हणजे ब्रिटिश घरांतल्या कितीतरी गाड्या आजही चुकीच्या रुंदीच्या रुळांवर धावतात. ज्यांना हे खुपलं त्यांनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतःच्या हाताने बनवले. आपल्या भारतीय ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये ते १९.३ च्या आसपास यायला हवं. म्हणजे तयार रूळ आपल्याही गाडीला अरुंदच पडणार.

हे गणित पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा पक्कं डोक्यात बसतं, कारण चुकलं तर गाडी घसरते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. एमआयटी या संस्थेत १९४६ मध्ये विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब सुरू झाला. तिथली मुलं टेलिफोन एक्स्चेंजचे जुने सुटे भाग वापरून रुळांखालची वायरिंग करायची. त्यातलीच काही पुढे संगणकाकडे वळली. आज आपण 'हॅकर' शब्द संगणकासाठी वापरतो, त्याची पाळंमुळं या क्लबच्या बोलीत सापडतात. खेळण्यातल्या गाडीखाली वाकून तारा जोडणारी मुलं कुठे पोचली बघा.

"पण हे परवडतं कुणाला?"

हा प्रश्न बरोबर आहे. परदेशी संच आपल्या आवाक्याबाहेरचे आहेत. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. देशी उद्योगाला आधार मिळावा हा त्यामागचा हेतू. पण मी संच घ्या असं म्हणतच नाहीये.

पुण्यात आयुका संस्थेच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेले अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन मेकॅनो करून दाखवला. हॉर्नबींच्या पत्र्याच्या पट्ट्यांचं काम आगकाडी करते! पैसे नसणं ही अडचण आहेच, पण तिच्यातून वाट निघते. हात न लावू देणं ही त्याहून मोठी अडचण.

मी चौथीच्या वर्गासोबत कार्यानुभवाच्या तासाला गाडी केली. आमच्या गावाला रेल्वे नाही. वर्गातली कितीतरी मुलं गाडीत कधी बसलेली नाहीत. माप घेतलं १:१००, म्हणजे एक मीटरला एक सेंटिमीटर. नव्या पद्धतीचा प्रवासी डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद. म्हणून पुठ्ठ्याचा डबा साडेतेवीस सेंटिमीटरचा. वीस डबे म्हणजे जवळजवळ पावणेपाच मीटर, वर्गाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत! तेव्हा कुठे मुलांना कळलं की रेल्वे केवढी लांब असते. एका मुलीने विचारलं, "बाई, मग यात मी केवढी?" तिची उंची मोजली, १३० सेंटिमीटर. म्हणजे १.३ सेंटिमीटर. तिने स्वतःला मातीचं बनवलं आणि खिडकीशी बसवलं.

डबे वाकडे होते. एक तर रुळावरून सारखा पडायचा. पण त्या आठवड्यात दशांश अपूर्णांक मला वेगळे शिकवावे लागले नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात

शिक्षक बंधू-भगिनींनो, कार्यानुभवाचा तास गणिताला किंवा परीक्षेच्या सरावाला देऊन टाकू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० खेळातून आणि अनुभवातून शिकण्यावर भर देतं. आपल्याकडे त्याचा तास आधीपासून आहे. प्रकल्पाला गुण देताना देखणेपणा बघू नका. "हे तू कसं केलंस?" एवढं विचारा. उत्तर आलं तर गुण द्या.

पालकहो, मुलाचा प्रकल्प रात्री जागून तुम्ही करू नका आणि विकतही आणू नका. शेजारी बसा, कात्री धरा, बाकी त्याला करू दे.

आणि ज्यांना हा छंद आहे त्यांनाही विनंती. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. सहल नेण्यासारखी जागा आहे. पण बघणं ही पहिली पायरी झाली. तुमच्याकडे जुने रूळ, बंद पडलेलं एखादं इंजिन असेल तर जवळच्या शाळेत घेऊन या. मुलांना ते खोलू द्या. एखादा स्प्रिंग हरवेल, हरवू द्या. कपाटातली गाडी तुमच्यासोबत म्हातारी होईल. मुलांच्या हातातली गाडी पुढे जाईल.

येत्या दिवाळीला दुकानातला किल्ला घेऊ नका. पोरांना माती आणून द्या.