तिला सगळ्यांत शेवटी का कळावे?

एचआयव्हीचा विषय निघाला की बोलणे होते ते बाधित पुरुषाबद्दल. त्याला लागण कशी झाली, नोकरी टिकेल का, औषध मिळेल का. त्याच्या पत्नीचा विचार बहुधा तिच्या रक्ताचा अहवाल हाती आल्यावरच होतो.

पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात झालेल्या पाहणीत देहविक्रयाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रिया होत्या. त्यांतील १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. अशा स्त्रियांपैकी बहुतेकींचा संबंध केवळ नवऱ्याशी आलेला होता. ‘आपण सरळ वागतो, आपल्याला काय होणार’ हा भरवसा किती पोकळ आहे, हे तेव्हाच दिसले होते.

तरी दोष तिच्याच माथी येतो. गरोदरपणी स्त्रीची एचआयव्ही तपासणी होते. नवऱ्याची अनेकदा त्याआधी झालेलीच नसते. म्हणून निदान आधी तिचे होते आणि ‘हिनेच रोग घरात आणला’ असा ठपका बसतो. नवऱ्याचे निदान आधी झाले, तर ते तिच्यापासून लपवले जाते. कधी कधी सासू-सासऱ्यांना ठाऊक असते, तिलाच नसते. तो गेला की ‘पांढऱ्या पायाची’ म्हणत तिला माहेरची वाट दाखवली जाते. घर आणि जमिनीतला वाटा मागेच राहतो.

विज्ञान मात्र तिच्या बाजूने आहे. पुणे व चेन्नईसह नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासातून २०११ मध्ये स्पष्ट झाले, की बाधित जोडीदाराला लवकर एआरटी औषधे सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. रोज गोळी घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे पुढील अभ्यासांनी दाखवले. अशा जोडप्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने मूलही होऊ शकते. ही औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. पण या सगळ्याचा आधार पत्नीला वाटायचा, तर आधी तिला खरे कळले पाहिजे.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्ण स्वतः सांगणार नाही आणि जोडीदाराला मोठा धोका आहे असे दिसले, तर रुग्णाला आधी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला प्रत्यक्ष भेटीत सांगू शकतात. बाधित स्त्रीवर मारहाण किंवा घर सुटण्याची वेळ येण्याची भीती असेल, तर मात्र तिच्या नवऱ्याला सांगू नये, असेही कायदा म्हणतो. बाधिताबरोबर राहणाऱ्या, स्वतः लागण न झालेल्या पत्नीलाही राहत्या घरातून काढता येत नाही.

सक्तीने सांगण्याचा नियम केला, तर पुरुष तपासणीलाच येणार नाहीत. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत ‘पुढच्या वेळी दोघे या’ असे सांगण्याची आणि गरोदर स्त्रीबरोबर तिच्या नवऱ्याचीही, त्याच्या संमतीने, तपासणी करण्याची रीत प्रत्येक दवाखान्यात पडावी. त्यासाठी समुपदेशकांच्या जागा भरलेल्या हव्यात आणि दोघांशी बोलायला बंद दाराची खोली हवी. विचारायला संकोच वाटत असेल, तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. नवऱ्याचा आजार त्याचा खासगी आहे हे खरे; तिचा जीवही तिचाच आहे.