तपासणी कमी नको, उघडी हवी

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. 12 माणसे गेली, शेकडो जखमी झाली, भोवतालच्या घरांच्या काचा रस्त्यावर आल्या. 23 मे 2024 रोजी त्याच डोंबिवलीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून अधिक जीव गेले. आधी सगळीकडे बॉयलर फुटल्याची बातमी होती. फुटला होता रिअॅक्टर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते ते भांडे.

या दोन स्फोटांच्या आगेमागे सरकारी धोरणाची दिशा मात्र बदलली नाही. 2014 मध्ये केंद्राचे श्रमसुविधा पोर्टल आले आणि केंद्राच्या अखत्यारीतल्या तपासणीसाठी कोणी कुठे जायचे हे संगणक ठरवू लागला. 2015 मध्ये महाराष्ट्राने स्वयंप्रमाणनाची योजना आणली: नियम पाळतो असे मालकाने लिहून द्यावे, साहेब क्वचितच येईल. 2020 मध्ये संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता मंजूर केली. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती अमलात आली आणि 1948 च्या कारखाने अधिनियमाची जागा तिने घेतली. या प्रवासाला ‘इन्स्पेक्टर राज संपवणे’ म्हणतात. फॅक्टरी इन्स्पेक्टरचा उंबरठा जितका कमी झिजेल तितके उद्योगाचे भले, ही त्यामागची समजूत आहे. ही समजूत मला चूक वाटते, आणि का ते सांगण्यापूर्वी तिच्या बाजूचे म्हणणे नीट मांडले पाहिजे.

ते म्हणणे चार कलमी आहे. एक, इन्स्पेक्टर पाकीट घेतो आणि जातो. तपासणी वाढली की पाकिटे वाढतात. दोन, तपासणीच्या जाचाने धंदा मार खातो, रोजगार बुडतो. तीन, अपघातात मालकाचेच नुकसान होते, तेव्हा सुरक्षेची काळजी तो आपणहून घेईल. चार, तपासणी हवीच असेल तर खासगी तज्ज्ञ ती अधिक चांगली करतील. यांतले एकही कलम हवेतले नाही. लहान कारखानदाराने सोसलेला त्रास खरा आहे आणि त्याच्या तोंडची कडवट भाषा अनुभवाची आहे.

पहिले कलम घेऊ. लाच चालते, हे मान्य. पण ती कशामुळे चालते? इन्स्पेक्टर येतो, केबिनमध्ये मालकासमोर बसतो, शेरा लिहितो. तो शेरा मालकाला ठाऊक असतो आणि खात्याला ठाऊक असतो. ज्याचे बोट मशीनखाली जाणार त्याला, आणि ज्याच्या घराच्या काचा फुटणार त्याला, तो कधीच दिसत नाही. लाच या बंद दाराआड पिकते. संगणकाची सोडत हे दार उघडत नाही. संगणक साहेब निवडतो. शेरा साहेबच लिहितो. पोर्टलने अहवाल 72 तासांत चढवण्याचे बंधन घातले, ही सुधारणा चांगलीच. पण चढवलेला अहवाल कामगाराच्या हाती पोचत नसेल तर सौदा करायला 72 तास पुरेसे आहेत. आणि फेऱ्या कमी केल्याने उरलेल्या फेऱ्या प्रामाणिक होतील, हे कोणत्या न्यायाने? कुंपणच शेत खात असेल तर कुंपण बदलायचे असते; ते उपटून रान मोकळे करायचे नसते.

दुसरे कलम रोजगाराचे. याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा पुराव्याने देता येते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही जोखमीच्या उद्योगांत तपासणीसाठी कारखाने चिठ्ठी टाकून निवडले जात. डेव्हिड लेव्हाइन, मायकेल टॉफेल आणि मॅथ्यू जॉन्सन या अभ्यासकांनी अशा 409 आस्थापनांची तुलना तितक्याच, पण तपासणी न झालेल्या आस्थापनांशी केली. 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले: तपासणी झालेल्या ठिकाणी दुखापतींचे प्रमाण 9.4 टक्क्यांनी घटले आणि दुखापतींचा खर्च 26 टक्क्यांनी उतरला. नोकऱ्या, विक्री, धंदा टिकणे यांवर मोजता येईल असा वाईट परिणाम दिसला नाही. कॅलिफोर्निया म्हणजे चाकण नव्हे, हे खरे. पण तपासणीने धंदा बुडतो म्हणणाऱ्यांनी निदान एवढ्या तोलाचा पुरावा तरी समोर ठेवावा.

हा आक्षेप तसा मुंबईला नवा नाही. 1881 चा पहिला कारखाना कायदा आला तेव्हा गिरणीमालकांनी आणि राष्ट्रीय बाण्याच्या बहुतेक पत्रांनी ओरड केली होती, की लँकेशायरच्या कापडवाल्यांनी आपला धंदा मारण्यासाठी हे रचले आहे. लँकेशायरचा स्वार्थ होताच. पण फिरत्या पट्ट्यात ज्याचा हात सापडतो त्याला, पट्ट्याला आडोसा लावण्याचा नियम कोणाच्या स्वार्थातून आला याच्याशी कर्तव्य नसते. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे ओळखले. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे 5,500 सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार यांच्या जोडीने त्यात एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पगार द्या, कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय करा. त्यानंतर गिरण्या बंद पडल्या नाहीत. पुढची कित्येक दशके त्या वाढतच गेल्या.

तिसरे कलम सर्वांत पटण्याजोगे वाटते, म्हणून त्याचा हिशेब मांडू. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्याची बोटे वाचवण्यासाठी गार्ड आणि सेन्सर असतात. गार्ड काढला की हात लवकर आत-बाहेर होतो आणि शिफ्टला जास्त नग निघतात. हा फायदा मालकाला रोज मिळतो. तोटा मात्र कधीतरी होतो, आणि झाला तरी कोणाच्या माथी पडतो? कामगार ईएसआयखाली असेल तर दुखापतीचा लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते, आणि त्याच दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागण्याची वाट कायद्यानेच बंद आहे. मालकाची वर्गणी पगाराच्या 3.25 टक्के. ज्याच्या शॉपमध्ये वर्षानुवर्षे एकाचेही बोट गेले नाही त्याला 3.25, आणि ज्याच्याकडे दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी हाताला पट्टी बांधून बाहेर पडतो त्यालाही 3.25. कामगार कंत्राटी असेल तर तो गेल्यावर ठेकेदार दुसरा आणून उभा करतो. अशा मांडणीत सुरक्षेची काळजी घेणारा मालक सज्जन असतो म्हणून घेतो, हिशेबामुळे नव्हे. आणि तो सज्जन मालकच बाजारात मार खातो, कारण गार्ड काढणारा शेजारी त्याच्यापेक्षा स्वस्तात नग देतो. म्हणजे कडक तपासणीची खरी गरज कामगाराइतकीच प्रामाणिक कारखानदाराला आहे. ‘इन्स्पेक्टर राज’विरुद्ध बोलणाऱ्या व्यासपीठांवर त्याची ही बाजू कधी मांडली जात नाही.

चौथे कलम खासगी तज्ज्ञांचे. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळाले आणि काही आठवड्यांतच, 11 सप्टेंबर 2012 रोजी, तिथे आग लागून 250 हून अधिक कामगार मेले. बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. ज्याची फी मालक देतो त्याचा कल कुठे असणार, हे सांगायला शोधनिबंध लागत नाही. आपल्याकडेही दाबाखाली चालणारी भांडी तपासून दाखला देणारी ‘सक्षम व्यक्ती’ सरकारमान्य असते, पण तिला बोलावतो आणि पैसे देतो मालकच. अशा तज्ज्ञांचे ज्ञान जरूर वापरावे. मात्र त्यांच्या दाखल्यावर शेवटची सही सरकारी तपासनिसाची हवी, कारण माणूस मेल्यावर जाब सरकारलाच द्यावा लागतो.

इथवर खंडन झाले. आता काय हवे ते.

पहिली गोष्ट, न सांगता जाणे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 81 क्रमांकाचा करार भारताने 1949 मध्ये स्वीकारला. तपासनिसाला दिवसा वा रात्री केव्हाही, पूर्वसूचनेवाचून, कामाच्या जागी शिरता आले पाहिजे, आणि जितक्या वेळा व जितक्या बारकाईने गरज असेल तितकी तपासणी झाली पाहिजे, असे तो सांगतो. तपासणी किती वेळा व्हावी, हे गरजेने ठरायला हवे, सोडतीने नव्हे. घातक रसायनांचे कारखाने आणि प्रेस शॉप या सोडतीतून बाहेर काढून त्यांना ठराविक, पण न सांगितलेली भेट मिळाली पाहिजे. बॉयलरला ठराविक तपासणीचा न्याय फार पूर्वीपासून लागू आहे: 1923 च्या कायद्याखाली फार तर 12 महिन्यांचा दाखला मिळे, आणि दाखल्याशिवाय बॉयलर चालवणे हाच गुन्हा. त्याला कोणी इन्स्पेक्टर राज म्हणून हिणवल्याचे ऐकिवात नाही. आणि हे सगळे करायचे तर महाराष्ट्राच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची, म्हणजे उद्योगवर्तुळात ‘डिश’ म्हणतात त्या खात्याची, रिकामी पदे भरावी लागतील. रसायनशास्त्र जाणणारी माणसे घ्यावी लागतील.

दुसरी गोष्ट शिक्षेची. नव्या संहितेत चांगल्या तरतुदी आहेत: नियमांत ठरलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी, आणि जीव गेल्यास दंडाची निम्मी तरी रक्कम वारसांना देण्याचा न्यायालयाला अधिकार. पण नुसत्या दंडाचा गुन्हा असेल तर कमाल दंडाच्या 50 टक्के, आणि वर्षापर्यंत कैदेचा असेल तर 75 टक्के भरून प्रकरण मिटवण्याची सोयही तीत आहे. कागदपत्रांतल्या चुकीला ही सवलत असावी. काढून ठेवलेल्या गार्डला ती असू नये.

तिसरी आणि मुख्य गोष्ट, अहवाल उघडा करणे. प्रत्येक तपासणीचा शेरा मराठीत आणि हिंदीत, सापडलेल्या दोषाच्या जागेजवळच भिंतीवर लागला पाहिजे, दोष निघेपर्यंत तिथेच राहिला पाहिजे, आणि कारखान्याच्या नावाने संकेतस्थळावर कोणालाही वाचता आला पाहिजे. अमेरिकेत बरीचशी अशीच पद्धत आहे. तिथे नियमभंगाची प्रसिद्धिपत्रके काढल्याचा परिणाम जॉन्सन यांनी अभ्यासला. 2020 मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की एका प्रसिद्धिपत्रकाने आसपासच्या कारखान्यांत जितकी सुधारणा होते तितकी साधायला 210 तपासण्या कराव्या लागल्या असत्या. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या खात्याला याहून स्वस्त औषध कोणते?

यावर धंद्याच्या गुपितांचे काय, असे विचारले जाईल. रसायनाचे सूत्र गुपित असू शकते. आपत्कालीन दाराला लावलेले कुलूप हे गुपित नव्हे. शिवाय हे तत्त्व आपल्या कायद्याला परके नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात कलमे घालण्यात आली: धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातल्या जनतेलाही देण्याचे बंधन, सुरक्षा समितीत कामगारांचे निम्मे प्रतिनिधी, समोर दिसणाऱ्या धोक्याचा इशारा देण्याचा कामगाराचा हक्क. कामगाराला आणि शेजाऱ्याला कळले पाहिजे, हे कायद्याने तेव्हाच मान्य केले. तपासणीचा शेरा तेवढा त्या नियमाला अपवाद राहिला. प्रोबेसच्या चौकशीचा अहवाल मिळवण्यासाठी डोंबिवलीकरांना माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागला, तोही अहवाल बंद दाराआड ठेवण्याच्या याच सवयीपायी.

शेरा भिंतीवर लागला की लाच देण्याघेण्यात अर्थ उरत नाही. खोटा शेरा लिहिणारा साहेब पहिल्याच शिफ्टमध्ये उघडा पडेल, कारण मशीनला गार्ड आहे की नाही हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसते. खोटा आरोप ठेवून मालकाला नाडणारा साहेबही त्याच भिंतीवर उघडा पडेल. म्हणून ज्यांना इन्स्पेक्टरच्या पाकिटाची मनापासून चीड आहे, त्या उद्योजक संघटनांनीच ही मागणी सर्वांत आधी केली पाहिजे. त्या ती करत नसतील आणि तरीही फेऱ्या कमी करा एवढेच म्हणत असतील, तर त्यांची तक्रार पाकिटाबद्दल नसून तपासणीबद्दलच आहे, असे आपण समजून चालावे.