फोन आपला, तर ताबाही आपलाच हवा



फोनचे हप्ते तुम्ही फेडता, बिल तुमच्या नावावर आहे. पण त्या फोनमधलं लोकेशन कोण बघणार, संपर्कांची यादी कोण उचलणार, माईक कोणासाठी उघडणार, हे ठरवणारे दुसरेच आहेत. सातबारा आपल्या नावावर आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यात, अशी ही गत आहे. ती बदलता येते आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही, हे सांगायला हे पत्रक काढलं आहे.

नोव्हेंबर २०२५ अखेर केंद्राच्या दूरसंचार विभागाने मोबाईल कंपन्यांना आदेश दिला की प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप आधीच बसवून द्या, जुन्या फोनमध्ये अपडेटमधून उतरवा आणि त्याच्या सुविधा बंद पाडता येणार नाहीत असं करा. मुदत ९० दिवसांची. हरवलेला फोन बंद करायला, आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघायला हे अ‍ॅप कामाचं आहे. ज्याला हवं त्याने ते जरूर घ्यावं. आक्षेप सक्तीला होता. बातमी बाहेर आली, संसदेत आणि संसदेबाहेर लोक बोलले, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. पुरता आठवडाही लागला नाही. ‘आपण बोलून काय होणार’ म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

त्याच्या चार वर्षं आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन सरकारलाच परत केले. फोन तापत होते, मेमरी अपुरी होती आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत होतं. मग तेच अ‍ॅप स्वतःच्या फोनवर घ्या असा दबाव येतो, अशी संघटनांची तक्रार होती. त्यांचं भांडण आपल्या सगळ्यांचं आहे. हजेरीचं, जागा दाखवण्याचं, फोटो चढवण्याचं अ‍ॅप मालकाला हवं असेल, तर फोनही मालकाने द्यावा. कर्मचाऱ्याचा खाजगी फोन ही कार्यालयाची मालमत्ता नाही.

आता नेहमीचा प्रश्न: माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी ती याचिका केली होती. हक्काला कारण द्यावं लागत नाही. पण याहून कठोर उत्तर आपल्या पुण्यात सुरू झालेल्या एका खटल्यात आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेला तिचा अहवाल म्हणतो की २०१६ च्या एका ईमेलमधून ‘नेटवायर’ नावाचं घातक सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये शिरलं, २२ महिन्यांहून अधिक काळ तो परक्याच्या हाती होता आणि पुढे पुरावा म्हणून मांडलेली कागदपत्रं बाहेरून त्यात ठेवली गेली. तपास करणाऱ्या एनआयएला हे मान्य नाही. निवाडा न्यायालय करील. त्या खटल्याबद्दल तुमचं मत काहीही असो, एवढं मात्र ओळखा की यंत्र दुसऱ्याच्या हाती गेलं की त्यातून काय बाहेर गेलं एवढाच प्रश्न उरत नाही, आत काय ठेवलं गेलं हाही उरतो. लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसालाही हा धोका आहे.

धोका दरवेळी इतका मोठा आणि दूरचा नसतो. बहुतेकांचा ताबा कोपऱ्यावरच्या मोबाईल शॉपीतच सुटतो. नवा फोन घेतला की जीमेल दुकानातला मुलगा काढतो, पासवर्ड तोच ठरवतो. डिस्प्ले बदलायला फोन टाकताना आपण पॅटर्न बिलावर लिहून देतो. त्यात बँकेचं अ‍ॅप आहे, आधारचा फोटो आहे, लेकीसुनांचे फोटो आहेत. दुकानदार प्रामाणिक असेलही, बहुतेक असतातच. पण भरवसा नाइलाजाने ठेवायची गरज नाही. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो चालू केला की दुरुस्ती होते आणि तुमचा मजकूर दिसत नाही. दुकानातून काढलेल्या जीमेलचा पासवर्ड घरी येऊन बदला, आणि खात्याला जोडलेला रिकव्हरीचा नंबर कोणाचा आहे तेही बघा. अनेकांच्या खात्यात तो नंबर भाच्याचा किंवा दुकानदाराचा निघतो, आणि ज्याचा नंबर त्याला खातं परत उघडता येतं.

घरातल्या बाईच्या फोनविषयी स्पष्ट बोलू. तिचा पासवर्ड नवऱ्याला ठाऊक असलाच पाहिजे, तिचं व्हॉट्सअ‍ॅप मुलाच्या लॅपटॉपवर उघडलेलं असलं तर बिघडलं काय, असं मानणारी घरं पुष्कळ आहेत. बिघडतं. पाळत घरातल्याने ठेवली म्हणून ती माया होत नाही. ताई, मावशी, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या डिव्हाइसची यादी असते. ती उघडा, तुम्ही न जोडलेलं यंत्र दिसलं तर लॉग आउट करा. पण घरात मारहाण किंवा धमकी असेल, तर आधी विश्वासातल्या माणसाशी बोला आणि मगच हात लावा; पाळत अचानक तुटली की ठेवणारा चिडतो.

लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलन किंवा पीएम-किसानची यादी म्हणून एपीके फाइल (अ‍ॅप बसवणारी फाइल) आली, तर ती उघडू नका, मग ती सख्ख्या भावाच्या नंबरवरून का आलेली असेना. त्याचाही फोन फसलेला असू शकतो. असली अ‍ॅप एसएमएस वाचण्याची आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ही दुसरी परवानगी अंधांना, अपंगांना फोन वापरता यावा म्हणून आहे. ती चोराला मिळाली की पडद्यावरचं सगळं त्याला दिसतं आणि तुमच्या वतीने बटणंही तोच दाबतो. पैसे गेलेच तर लाज बाळगू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पहिले काही तास मोलाचे असतात.

उघड चोरीपेक्षा सभ्य उचलेगिरी अधिक चालते. टॉर्चच्या अ‍ॅपला संपर्कांची यादी कशाला हवी? सेटिंगमध्ये परवानग्यांचं पान उघडा, लोकेशन, माईक, कॅमेरा, संपर्क कुणाकुणाला दिलेत ते बघा आणि कामाशी संबंध नसलेल्यांचं काढून घ्या. अँड्रॉइडवर गूगलच्या सेटिंगमध्ये जाहिरातींचा आयडी हटवता येतो, तो हटवा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे कुलूपबंद, असतात, पण ड्राइव्हवरचा बॅकअप तुम्ही सांगितल्याशिवाय तसा होत नाही. ते बटण २०२१ पासून उपलब्ध आहे.

संगणकाचंही तसंच. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, म्हणून धडधाकट लॅपटॉप एका कंपनीच्या निर्णयाने म्हातारे ठरले. ही जबरदस्ती आहे आणि ती मुकाट्याने सोसण्याचं कारण नाही. त्याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट बसतं, त्यात मराठी टायपिंग, ब्राउझर, लिबरऑफिस सगळं चालतं. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाचं लिनक्स केव्हाच तयार केलं. केरळला जमलं ते महाराष्ट्राच्या शाळांना का जमू नये? टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर पोट असलेल्याला विंडोज सोडणं अवघड जाईल, हे मान्य. त्याने निदान अपडेट मिळत राहतील एवढं तरी पाहावं.

कायदा आपलं रक्षण करील म्हणून थांबू नका. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट त्यात ठेवलेली आहे. तो सुधारावा म्हणून आमदार-खासदारांना जाब विचारलाच पाहिजे. तोवर फोन तुमच्या खिशात आहे आणि सेटिंगही त्यातच आहेत.

आज रात्री जेवणं झाल्यावर परवानग्यांचं पान उघडा. घरातल्या थोरांना शेजारी बसवून त्यांच्याही फोनवर ते करून द्या. पत्रक वाचून झालं की शेजारच्या घरी द्या.