दोन दिवस राखीव ठेवा

मनाली-लेह मार्गाने स्वतःची गाडी घेऊन निघणाऱ्या मराठी मित्रांचे बेत माझ्या पाहण्यात येतात. त्यांत सर्व मुक्कामांचे आरक्षण असते. मोकळा दिवस मात्र एकही नसतो. २०२० साली अटल बोगदा खुला झाला आणि अंतर ४६ किलोमीटरने घटले. विरळ हवेची सवय होण्यास शरीराला लागणारा काळ मात्र घटलेला नाही. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, तर सरचू ४,२०० मीटरहून उंच. म्हणून पहिला मुक्काम जिस्पासारख्या मधल्या उंचीवर करावा.

हा केवळ वैयक्तिक सोयीचा प्रश्न नाही. हाती दिवस नसला की माणूस हवामानाचा इशारा डावलून बारालाचा खिंडीकडे निघतो. तेथे बर्फात अडकलेल्यांना सोडविण्यासाठी सीमा रस्ते संघटनेची माणसे आणि यंत्रे राबतात. घाई एकाची, किंमत दुसऱ्याची; अर्थशास्त्रात यालाच बाह्य खर्च म्हणतात. शासन रस्ता बांधू शकते, प्रवेशाचे नियम करू शकते. संयम पुरवू शकत नाही. रजेतील दोन दिवस राखीव ठेवणे हे माझ्या मते नागरी कर्तव्यच होय.