धनी बदलून काय साधणार?

'ब्रिक्स' या राष्ट्रसमूहाचे २०२६ चे अध्यक्षपद भारताकडे आले, ही घटना केवळ समारंभाची नव्हे. ती विचार करावयास लावणारी आहे. २००९ साली येकातेरिनबुर्ग येथे चार राष्ट्रांच्या पहिल्या शिखर परिषदेने आरंभ झालेल्या या मेळाव्यात पुढे दक्षिण आफ्रिका, २०२४ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण व संयुक्त अरब अमिराती, आणि २०२५ मध्ये इंडोनेशिया सामील झाला. पंगत वाढली, पानात काय पडले, हा प्रश्न मात्र उरतोच.

या राष्ट्रांची मूळ तक्रार न्याय्य आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांस ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मते आहेत. म्हणजे उरलेले सारे जग एका बाजूस झाले तरी वॉशिंग्टनच्या संमतीवाचून पान हलावयाचे नाही! यास उत्तर म्हणून २०१४ च्या फोर्तालेझा परिषदेत नव्या विकास बँकेचा करार झाला. तीत पाचही संस्थापकांचे भाग समान, मत समान आणि नकाराधिकार कोणासच नाही. हे तत्त्व खरोखर अभिनंदनीय होय.

तथापि त्याच परिषदेत ठरलेल्या १०० अब्ज डॉलरांच्या राखीव निधीत चीनचा वाटा ४१ अब्जांचा, तर भारत, रशिया व ब्राझील यांचा प्रत्येकी १८ अब्जांचा. शिवाय करारानुसार आपल्या मर्यादेच्या ३० टक्क्यांपलीकडे उचल करावयाची, तर नाणेनिधीशीच बोलणी करावी लागतात. ज्याच्याविरुद्ध बंड, त्याचाच जामीन! २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटताच नव्या बँकेनेही रशियातील नवे व्यवहार थांबविले. डॉलरच्या बाजारातूनही कर्ज उभारणाऱ्या संस्थेस दुसरे काही करणे कठीणच होते.

१९५५ च्या बांडुंग परिषदेतील बंधुभावाचे सात वर्षांत काय झाले, हे आपण विसरलेलो नाही. २०२० चे गलवानही ताजे आहे. तरीही येथून उठून जाणे शहाणपणाचे नव्हे, कारण आपली रिकामी जागा चीनच भरून काढील. बँकेत मान्य झालेले समान मताचे तत्त्व राखीव निधीत आणि देशी चलनांतील व्यापाराच्या प्रत्येक योजनेत उतरले पाहिजे, हा आग्रह भारताने धरावा. डॉलरचे जोखड उतरवून युआनचे मानेवर घेणे, यास स्वातंत्र्य म्हणत नाहीत. धनी बदलल्याने चाकरी संपत नसते.