किल्ली शेजाऱ्याच्या हाती



संकटकाळी उपयोगी पडावी म्हणून किल्लीवाचून कुलूप उघडण्याची कला शिकावी काय? ही कला स्वतः पापरूप नव्हे. किल्ल्या बनविणारा कारागीर तिच्यावरच प्रामाणिकपणे पोट भरतो. सातवी आज्ञा निषेध करते तो चोरीचा.

परंतु तिचा उपयोग किती? सन १८५१ मध्ये लंडन येथे आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ब्रामा कंपनीचे नामांकित कुलूप उघडले. त्यास सोळा दिवस खपून सुमारे ५१ तास लागले. साधे कुलूप लवकर उघडते हे खरे. तथापि आग नवशिक्या हातांसाठी थांबत नाही. तेथे पहारीने कोयंडा उखडणेच शहाणपणाचे.

शिवाय, आपल्या घरी खरी अडचण बहुधा आतल्या कडीची असते. एकटी राहणारी वृद्ध माता रात्री कडी घालून निजते. ती पडली, तर बाहेरून किल्ली घालण्यास छिद्रच नसते. तेथे ही कला काय करणार?

म्हणून अशा घरी कडीऐवजी बाहेरूनही किल्लीने उघडणारे कुलूप बसवावे व दुसरी किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी. न्हाणीघराची कडी लहान मुलाच्या हाती लागणार नाही इतकी उंच असावी. सकाळी शेजारचे दार उघडले नाही, तर हाक मारण्यास संकोचू नये.

प्रभूने स्वर्गराज्याच्या किल्ल्या संत पेत्राच्या स्वाधीन केल्या. किल्ली सोपविणे म्हणजे विश्वास टाकणे. ज्याच्या हाती आपली किल्ली निश्चिंतपणे द्यावी, असा शेजारी आपणांस आहे काय? आणि आपण कोणाचे तसे शेजारी आहोत काय?