डॉजर्स सलग दुसऱ्यांदा चॅम्पियन झाले, पण त्याच वर्षी लॉस एंजेलिसचे चाहते आपल्याच संघावर का चिडले होते?

जून २०२५. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या चाहत्यांच्या फोनवर तेव्हा दोन प्रकारच्या बातम्या सतत येत होत्या. कुठल्या पिचरचा खांदा कितपत बरा झालाय, ही एक. आणि आज शहरात कुठे धाड पडली, ही दुसरी. खांद्याची माहिती संघ नियमित देत होता. धाडींबद्दल मात्र बरेच दिवस एक शब्दही बोलला नाही.

हे प्रकरण नेमकं काय होतं आणि एका बेसबॉल टीमकडून लोकांची एवढी अपेक्षा का होती, तेच समजून घेऊ.

बेसबॉलचा चाहता म्हणजे रोजचं काम

आयपीएलमध्ये एक संघ साखळी फेरीत १४ सामने खेळतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये हा आकडा १६२ आहे. मार्चअखेर ते सप्टेंबर, जवळपास रोज मॅच. त्यामुळे तिथल्या चाहत्यासाठी बेसबॉल हा सण नसतो, तो दिनक्रम असतो. कामावरून घरी येताना रेडिओवर मॅच, जेवताना टीव्हीवर मॅच.

लॉस एंजेलिसची जवळपास निम्मी लोकसंख्या लॅटिनो आहे. हाईमे हारीन यांनी १९५९ ते २०२२ अशी सहा दशकांहून जास्त काळ डॉजर्सची स्पॅनिश कॉमेंट्री केली. १९८१मध्ये मेक्सिकोहून आलेल्या फर्नांडो व्हॅलेन्झुएला या तरुण पिचरने शहराला वेड लावलं आणि हजारो मेक्सिकन कुटुंबं या संघाशी जोडली गेली. म्हणूनच डॉजर्स त्यांना घरातला संघ वाटतो.

सगळे पिचर एकदम जखमी कसे?

२०२५च्या मोसमाआधी डॉजर्सने ब्लेक स्नेलशी पाच वर्षांसाठी १८.२ कोटी डॉलरचा करार केला. दोन सामने खेळून त्याचा खांदा दुखावला आणि तो थेट ऑगस्टमध्ये परतला. टायलर ग्लास्नाऊ एप्रिलअखेर बाहेर गेला, जपानहून आलेला रोकी सासाकी मे महिन्यात. दोघांचंही दुखणं खांद्याचंच. शोहेई ओटानीच्या कोपरावर २०२३मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. तो १६ जून २०२५ला पुन्हा पिचिंगला उतरला.

यात नशिबाचा भाग थोडा आणि वेगाचा जास्त आहे. मेजर लीगने डिसेंबर २०२४मध्ये पिचरच्या दुखापतींवर अहवाल काढला. २००८मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी सुमारे १४७ किलोमीटर होता, तो २०२४मध्ये १५१च्या पुढे गेला. प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनं टाकायचा, ही आजची पद्धत. त्याचा ताण कोपर आणि खांद्यावर येतो. आपल्याकडे बुमराहला इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळवल्या, त्यामागेही हाच हिशेब होता.

चाहते वैतागतात, पण हे समजून घेतात. कोण कधी परतेल, हे संघ निदान सांगतो तरी.

मग राग कशाचा?

६ जूनला ‘आयसीई’ या केंद्रीय इमिग्रेशन यंत्रणेने लॉस एंजेलिसमध्ये धाडी टाकल्या आणि निदर्शनं सुरू झाली. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नॅशनल गार्ड उतरवले. शहरातल्या एलएएफसी आणि एंजल सिटी या फुटबॉल क्लबांनी लगेच स्थलांतरितांच्या बाजूने भूमिका घेतली. डॉजर्स गप्प राहिले. एप्रिलमध्ये हाच संघ २०२४च्या विजयानंतरच्या सत्कारासाठी व्हाइट हाऊसमध्ये जाऊन आला होता, हेही लोकांच्या लक्षात होतं.

पुढच्या आठवड्यात तीन गोष्टी झाल्या.

१४ जूनला नेझा या गायिकेने डॉजर स्टेडियमवर राष्ट्रगीत स्पॅनिशमध्ये गायलं. त्याआधी संघाच्या एका प्रतिनिधीने इंग्रजीतच गायला सांगितलं होतं, असा व्हिडिओ तिने टाकला. गंमत म्हणजे हे स्पॅनिश भाषांतर १९४५मध्ये खुद्द अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने करून घेतलं होतं.

१९ जूनला स्टेडियमच्या गेटजवळ केंद्रीय एजंटांच्या गाड्या दिसल्या. आयसीईचे लोक आले होते, आम्ही प्रवेश नाकारला, असं संघ म्हणाला. आम्ही तिथे नव्हतोच, असं आयसीई म्हणाली. गाड्या सीमा सुरक्षा विभागाच्या होत्या आणि त्यांचा डॉजर्सशी संबंध नव्हता, असं गृह सुरक्षा खात्याने सांगितलं.

२० जूनला डॉजर्सने बाधित स्थलांतरित कुटुंबांसाठी १० लाख डॉलरची मदत जाहीर केली. काहींना ती पुरेशी वाटली, तर काहींना उशिराची आणि तोलूनमापून दिलेली. मधल्या काळात संघातून उघड बोलला तो मुख्यतः प्वेर्तो रिकोचा खेळाडू किके हर्नांडेझ. शहरातलं चित्र पाहून दुःख आणि संताप होतो, असं त्याने इन्स्टाग्रामवर लिहिलं.

या रागाला जुनी जखम आहे

डॉजर स्टेडियम उभं आहे त्या चावेझ रवीन भागात आधी तीन वस्त्या होत्या. बहुतेक कुटुंबं मेक्सिकन-अमेरिकन. १९५०च्या सुमारास सरकारी घरं बांधण्याच्या नावाखाली त्यांना हलवायला सुरुवात झाली. घरांची योजना नंतर बारगळली. १९५८मध्ये डॉजर्स ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला आले आणि जमीन त्यांना मिळाली. उरलेल्या कुटुंबांना मे १९५९मध्ये पोलिसांनी घरातून ओढून बाहेर काढलं. १९६२मध्ये तिथे स्टेडियम सुरू झालं.

व्हॅलेन्झुएलामुळे या जखमेवर खपली धरली होती. जूनमधल्या मौनाने ती पुन्हा निघाली.

संघाची बाजू काय?

सगळेच चाहते एका मताचे नाहीत. खेळात राजकारण नको, म्हणणारेही पुष्कळ आहेत. सरकारशी वैर घेणं कुठल्याही मोठ्या व्यवसायाला महागात पडू शकतं. पण ज्यांच्या भाषेत तुम्ही तिकिटं आणि जर्सी विकता, त्यांच्यावर संकट आलं की तटस्थ राहणं हीसुद्धा भूमिकाच ठरते. फुटबॉल क्लबांनी बोलून दाखवल्यावर ‘बोलता येत नाही’ ही सबबही उरली नाही.

आणि चाहत्यांनी काय केलं?

बहिष्काराची हाक दिली गेली. तरीही २०२५मध्ये डॉजरच्या घरच्या मैदानावर ४० लाखांहून जास्त प्रेक्षक आले. १ नोव्हेंबरला टोरोंटो ब्लू जेजविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना ११व्या डावात जिंकला, तेव्हा स्नेल, ग्लास्नाऊ आणि ओटानी हे वर्षभरातले तीन ‘पेशंट’ त्या सामन्यात पिचिंग करून गेले होते.

राग विसरला गेला, असा याचा अर्थ लावणं सोपं आहे. पण तसं नाही. आजी-आजोबांपासून घरात चालत आलेली टीम एका महिन्यात सोडता येत नाही, आणि नेमकं हेच संघालाही माहीत असतं. चाहता निघून जाणार नाही याची खात्री असली की त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई कुणालाच नसते. जूनमधली चीड होती ती याच गोष्टीची.